पिलू हातात धरायचे कसे, हे सांगायचे कोणी?

जिल्हा बैठकीतली गोष्ट. मंडपात कापसाच्या भावावर बोलणे चालले होते. हमीभाव, आयात, खरेदी केंद्रांचे उशिरा उघडणे, ओलाव्याच्या नावाखाली होणारी कटती, सगळे नेहमीचेच. तुम्हालाही पाठ, आम्हालाही पाठ. पुढच्या रांगेत एका बाईच्या मांडीवर चारेक वर्षांचा पोरगा बसला होता आणि त्याच्या मुठीत गुलाबी रंगाचे कोंबडीचे पिलू होते. सायकलला खोके बांधून फिरणारा फेरीवाला ही रंगवलेली पिले गावोगाव विकतो. रोख नसेल तर भंगाराच्या बदल्यातही देतो. पोराने ते पिलू मायेनेच धरले होते, छातीशी घट्ट. पहिले भाषण होईपर्यंत पिलू ओरडत होते. दुसऱ्या भाषणात त्याचे ओरडणे थांबले. तिसऱ्या भाषणात त्याने मान टाकली. तिसरे भाषण आमचे होते. व्यासपीठावरून आम्हाला सगळे दिसत होते. भाषण मध्येच थांबवता येत नाही असे आम्ही मनाशी म्हणालो. खरे म्हणजे येत होते. थांबवले नाही.

जेवणाच्या वेळी औंढ्याकडच्या एक आजी आमच्या शेजारी बसल्या. त्यांनीही ते पाहिले होते. म्हणाल्या, "मुठीत आवळलं की मरतंच ते, भाऊ. तुमी एवढं शिकले, बोंडअळीचं सांगता, खताचं सांगता. हे कोन सांगनार?"

आम्ही शेतीची पदवी घेतली आहे. पशुसंवर्धनाचा पेपर दिला, कोंबड्यांच्या जाती पाठ केल्या, खाद्यातल्या प्रथिनांचे टक्के लिहिले आणि गुण मिळवले. पण पिलू हातात धरावे कसे हे आम्हाला ना कोणी विचारले, ना दाखवले. आणि आजींचे म्हणणे तर शास्त्रानेही तंतोतंत खरे आहे. माणसाच्या छातीखाली श्वास ओढणारा एक पडदा असतो. कोंबडीला तसा पडदा नसतो. तिच्या छातीचे हाड आणि बरगड्या हलतात तेव्हा हवा आत-बाहेर होते, लोहाराच्या भात्यासारखी. मूठ आवळली की भाता बंद. नाक-तोंड उघडे असले तरी पिलू गुदमरते.

म्हणून या अंकात आम्ही कापूस बाजूला ठेवून पिलांवर लिहितो आहोत. ज्यांना हसायचे असेल त्यांनी हसून घ्यावे. "कोंबड्यांचं काय घेऊन बसलात?" हे आम्ही गेल्या महिनाभरात बरेचदा ऐकले आहे, आणि बहुतेक वेळा ते बोलणारा पुरुष होता.

कापसाचा पैसा घरात येतो तो आधीच कृषी सेवा केंद्राच्या वहीत जमा झालेला असतो. सोयाबीनचे तेच, हळदवाल्यांचेही फार वेगळे नाही. घरातल्या बाईच्या हातात थेट पडणारा आणि कोणाला हिशेब न देता खर्चता येणारा पैसा कोणता, तर अंड्यांचा आणि आखाडात विकलेल्या कोंबड्याचा. लेकराची वही, म्हातारीचे औषध, माहेरी जायचे एसटीचे भाडे त्यातून निघते. हमीभाव काढताना घरच्या माणसांच्या मजुरीचा हिशेब धरतात; तो पुरेसा धरत नाहीत हे आपले भांडण आहे आणि राहील. पण पहाटे उठून खुराडे उघडणारी, रात्री कंदील घेऊन पिले मोजणारी जी मजुरी आहे ती तर कोणत्याच हिशेबात नाही. आपल्या बैठकीतल्या हिशेबातसुद्धा नाही, हे लाजेने कबूल केले पाहिजे.

योजना आहेत. एकदिवशी शंभर पिलांचा गट निम्म्या अनुदानावर देण्याची सरकारी योजना आहे, तलंगा वाटपाचीही आहे. योजना वाईट नाही. पण वाटपाच्या दिवशी काय होते ते आम्ही एका गावी पाहिले. खोकी उतरली, फोटो निघाला, सह्या झाल्या. साहेब गेले. ज्या बाईने उभ्या आयुष्यात खुडूक कोंबडीखालची आठ-दहा पिले सांभाळली, तिच्या ओट्यावर आईवाचूनची शंभर पिले ओरडत होती आणि ऊब कशी द्यायची, पाणी कशात ठेवायचे, उचलायचे कसे, याबद्दल एक शब्द कोणी बोलले नव्हते. पंधरा दिवसांनी गेलो तर खोकी सरपणाजवळ पडलेली. "ह्या लोकांना सांभाळता येत नाही," असे पुढे कोणीतरी म्हणाले. आम्हाला तो शेरा फार लागला, कारण तो आमच्यावरही लागू होता.

काही वर्षांपूर्वी आम्ही घरी पंचवीस पिले आणली होती. पदवीधराच्या घरची पिले, तेव्हा थाट मोठा. खोक्यात कागद अंथरला, वर बल्ब टांगला. पहिल्या दिवशी आळीतली सगळी पोरे येऊन एकेक पिलू हातात घेऊन गेली. आम्हीच कौतुकाने देत होतो. रात्री दोनच्या सुमारास वीज गेली. ती जाते हे काय आम्हाला ठाऊक नव्हते? ऊब गेल्यावर पिले एका कोपऱ्यात एकमेकांवर चढली. सकाळी खालच्या थरातली मेलेली होती. जी उरली त्यांपैकी काहींचे पाय फाकले होते, कारण गुळगुळीत कागदावर पिलाची पकड बसत नाही. (आमचे हे पत्रकसुद्धा वाचून झाल्यावर पिलांखाली अंथरू नका. गोणपाट बरे.) पंचवीसातली नऊ जगली. तीही आमच्यामुळे नाही. आमच्या आईने पाटीत गोणपाट घातले, चुलीवर गरम केलेली वीट फडक्यात गुंडाळून मध्ये ठेवली, वरून गोधडी टाकली आणि म्हणाली, "आता कुनी हात लावू नका." पुढचे जे काही शिकलो ते आईकडून, त्या आजींसारख्या बायांकडून आणि नंतर उघडलेल्या पुस्तकांतून. पुस्तके शेवटी.

तर पिलू धरायचे कसे. आधी खाली बसायचे. वरून येणाऱ्या सावलीला पिलू घाबरते, कारण घार वरूनच येते. उभ्या माणसाचा हात खाली आला की पिलाच्या लेखी तो घारीचा पंजा असतो. उकिडवे बसावे, तळहात उताणा करून जमिनीवर ठेवावा, त्यावर ज्वारीची बारीक कणी चिमूटभर टाकावी आणि गप्प बसावे. पहिल्या दिवशी कोणी फिरकणार नाही. दुसऱ्या दिवशी एखादे धीट पिलू टोच मारून पळेल. चौथ्या-पाचव्या दिवशी ते हातावर चढून उभे राहते, आणि एक चढले की बाकीची चढतात. पाठलाग करून पकडलेले पिलू मात्र पुढे कधीही हाताला येत नाही. धावून धावून दमते ते वेगळेच.

उचलताना एक तळहात पोटाखालून न्यावा, पाय लोंबू न देता तळव्यावर टेकू द्यावेत. दुसऱ्या हाताची ओंजळ वरून झाकणासारखी ठेवावी, दाब द्यायचा नाही. डोके मोकळे असावे. पंखाला धरून, एका पायाला धरून, मानेला धरून उचलू नये. मोठी कोंबडी बाजारात पायाला धरून नेतात ते पाहून पोरे पिलालाही तसेच उचलतात. मोठ्या कोंबडीलाही ते बरे नव्हेच. पोटावर तर बोटाचाही दाब नको. अंड्यातून निघण्याआधी पिलू उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि पहिले दोन-तीन दिवस त्यावर काढते. म्हणूनच एकदिवशी पिले खोक्यात घालून लांबवर पाठवता येतात. ते भरलेले मऊ पोट दाबले गेले की पिलू आतून दुखावते आणि वरून काही दिसत नाही. बेंबीही पहिले काही दिवस कच्ची असते. मळकट हात लागला तर ती पिकते.

हात जमिनीपासून फार वर नेऊ नये. पिलू हातातून कधी उडी मारील याचा नेम नसतो, आणि शहाबादी फरशीवर कमरेच्या उंचीवरून पडलेल्या पिलाचा पाय नीट बसवणारा डॉक्टर आपल्या जिल्ह्यात आम्हाला अजून भेटलेला नाही. लहान पोराला पिलू द्यायचेच असेल तर पोराला मांडी घालून खाली बसवावे, त्याच्या ओंजळीखाली आपली ओंजळ धरावी. पाच वर्षांखालच्या पोराच्या हातात एकट्याने पिलू देऊच नये.

आणि दोन मिनिटे पुरे. पिलाला अंगची ऊब टिकवता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला सुमारे ३५ अंश उष्णता लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी बल्ब लावायची गरज नाही, उलट सावली आणि वारा बघावा लागतो. पण पौषातल्या रात्री बल्ब असूनही भागत नाही. थर्मामीटर नसला तरी चालते. पिले बल्बखाली गोळा होऊन ओरडत असतील तर थंडी आहे. बल्बपासून लांब जाऊन चोची उघडून धापा टाकत असतील तर उष्णता जास्त. सगळी एका बाजूला सरकली असतील तर दुसरीकडून वारा लागतो आहे. सगळीकडे पसरून, काही खात, काही झोपलेली असली म्हणजे ठीक. वीज जाणार हे धरून वीट, गरम पाण्याची बाटली, गोधडी आधीच हाताशी असावी. पाणी पसरट ताटलीत ठेवावे आणि त्यात खडे टाकावेत. खोल वाटीत पडून पिलू बुडते, आणि बुडाले नाही तरी भिजून गारठते.

पिले खुडूक कोंबडीखालची असतील तर निम्मे काम ती करते. दिवसा तिच्यासमोर पिलू उचलायला जाऊ नका. ती डोळ्यावर झेपावते, आणि तिच्या धावपळीत तिच्याच पायाखाली पिलू चेंगरते. अंधार पडल्यावर ती शांत असते. मिणमिणता उजेड धरून तिच्या पंखाखालून एकेक पिलू काढावे, बघावे, परत सरकवावे.

यात बघायचे काय? बूड चिकटलेले आहे का, ते आधी. विष्ठा वाळून भोक बंद झाले की पिलू एक-दोन दिवसांत जाते. कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने ते हळूच पुसून कोरडे करायचे, ओढून काढायचे नाही. मग डोळे, पाय, बेंबी. रात्री गळ्याखालची पिशवी चाचपून पाहावी. भरलेली आणि मऊ लागली तर दिवसा पोटभर खाल्ले. रिकामी लागली तर त्या पिलाला दुसरी खाऊ देत नाहीत किंवा ते आजारी आहे. पंचवीस पिलांना हे करायला पंधरा मिनिटे लागतात. पण ती पिले हाताला सरावलेली असतील तरच. नसतील तर तासभर धावपळ, आणि दुसऱ्या दिवशी आपण तो नाद सोडून देतो.

पिलाला लळा लावणे म्हणजे चोचले, असे समजणाऱ्यांना हे सांगायचे आहे. लळा हे या धंद्यातले अवजार आहे, विळ्या-कोयत्यासारखे. अंड्यातून निघाल्यावर पहिल्या दिवसा-दोन दिवसांत जे हलताना दिसते, ज्याचा आवाज ऐकू येतो, त्याला पिलू आई मानून मागे चालते. कोनराड लॉरेन्झ नावाच्या ऑस्ट्रियाच्या शास्त्रज्ञाने रानहंसाच्या पिलांवर याचा अभ्यास केला; १९७३ साली त्याला नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, आणि त्याच्या मागे ओळीने चालणाऱ्या पिलांचे फोटो जगभर गेले. आपल्या बाया दाणे टाकताना "ती ती ती" करतात त्याचा फोटो कोणी काढला नाही, पण काम तेच आहे. रोज त्याच वेळी, त्याच आवाजात, त्याच भांड्यावर टकटक करून दाणे टाका. तीन आठवड्यांत तुमचा आवाज ऐकून पिले धावत येतील.

याचा उपयोग संध्याकाळी कळतो. ज्या घरची पिले आवाजाला येतात त्या घरची दिवेलागणीला डालग्याखाली असतात. ज्या घरची येत नाहीत ती पऱ्हाट्यांच्या ढिगात शिरतात, आणि तिथे मुंगूस आधीच बसलेले असते. (पऱ्हाट्या खुराड्यापासून लांब रचा. सापालाही तीच जागा आवडते.) लसीकरणाच्या दिवशीही हेच. राणीखेत म्हणजे आपली मानमोडी. तिची लासोटा ही लस पिलाच्या पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात एक थेंब टाकून द्यायची असते. ओंजळीत शांत बसणाऱ्या पिलाला ती क्षणात देता येते. तडफडणाऱ्या पिलाच्या बाबतीत थेंब पिसांवर पडतो, आणि लस दिली म्हणून आपण निर्धास्त राहतो. शिवाय लसीची कुपी शंभर-दोनशे पिलांची येते, ती बर्फात आणावी लागते आणि कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. दहा पिलांच्या घराला ती कशी परवडणार? आळीतल्या सगळ्या बायांनी एकाच आठवड्यात कोंबड्या अंड्यांवर बसवल्या तर एका कुपीत आळी निघते. हे काम संघटनेचे नाही तर कोणाचे?

आता लळ्याची मर्यादा. ती सांगितली नाही तर आमच्या या लेखाने नुकसानच होईल.

निरोगी दिसणाऱ्या पिलाच्या विष्ठेतही साल्मोनेला नावाचे जंतू असतात. पिलाला त्याने काही होत नाही, माणसाला हगवण आणि ताप येतो. लहान लेकरू आणि म्हातारे माणूस त्यात लवकर खचते. अमेरिकेत परसात कोंबड्या पाळण्याची हौस वाढली तशी ही लागणही वाढली. २०२० साली तिथे परसातल्या कोंबड्यांपासून झालेली सतराशेंहून जास्त माणसांची लागण नोंदली गेली, आणि पिलांचे मुके घेऊ नका असे तिथल्या आरोग्य खात्याला दरवर्षी सांगावे लागते. आपल्याकडे मोजणी कोणी करत नाही, म्हणून ते होत नाही असे समजू नये. पिलाला हात लावला की साबणाने हात धुवायचे, मोठ्यांनीही. पिलाचा मुका नाही, गालाला लावणे नाही, जेवताना मांडीवर पिलू नाही, अंथरुणात नाही. खुराडे घरापासून वेगळे असावे असे पुस्तक म्हणते. एका खोलीच्या घरात ते जमत नाही हे आम्हाला दिसते, आणि बाहेर ठेवले तर बोका आहे, चोर आहे. मग ओसरीवर ठेवा. पण चुलीजवळ, पिण्याच्या पाण्याच्या माठाजवळ नको.

दुसरे, आपल्या कापसाच्या मुलखातले. फवारणी करून आलेल्या हाताने पिलू उचलू नका. २०१७ साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. जे औषध हट्ट्याकट्ट्या माणसाला आडवे करते त्याचा हाताला राहिलेला अंश पन्नास ग्रॅमच्या जिवाला पुरेसा आहे. फवारणीचे कपडे खुराड्याजवळ वाळत घालू नका. लावणीत उरलेले रंगीत बियाणे, मग ते सरकीचे असो की ज्वारीचे, अंगणात सांडू देऊ नका. त्या रंगासोबत औषध चोळलेले असते आणि पिलू रंगाला आधी टोचते.

तिसरे, कोंबडा होणारे पिलू फार अंगाखांद्यावर खेळवू नये. त्याला माणसाची भीती उरत नाही, आणि सहा महिन्यांनी तोच पोराच्या तोंडावर धावतो. आमच्या घरी असा एक झाला होता. त्याला हाताची सवय होती, धाक नव्हता. शेवटी आखाडाची वाट न पाहता विकावा लागला. लेकरे रडली. लेकरांना पहिल्या दिवसापासून खरे सांगावे: हे पोसायचे आहे, जपायचे आहे आणि पुढे विकायचे आहे. बैल विकताना आपण दावणीशी उभे राहून डोळे पुसतो तसेच हेही.

बर्ड फ्लूबद्दल न बोलता हा विषय संपत नाही. देशातला पहिला प्रादुर्भाव फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला निघाला तेव्हा आपल्याला ते लांबचे वाटले होते. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या आणि तपासणीत तोच रोग निघाला. १९९९ च्या महाराष्ट्र दिनापर्यंत आपण परभणी जिल्ह्यातच होतो; मुरुंबा काही परमुलूख नाही. गावाभोवतीच्या एक किलोमीटरमधल्या कोंबड्या मारण्याचा आदेश निघाला. त्यात फार्मवाल्याच्या गेल्या तशा परसातल्याही. त्याच वर्षी जुलैमध्ये हरियाणातला एक मुलगा दिल्लीच्या एम्समध्ये या रोगाने गेला. देशात माणसाचा नोंदलेला तो पहिला बळी. माणसाला हा रोग क्वचित होतो, पण आजारी आणि मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने हाताळणे हीच त्याची मुख्य वाट आहे. चांगले शिजवलेले मांस आणि अंडी खाण्यात धोका नाही. तरी अफवा उठते आणि भाव पडतो. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर कोंबडीने कोरोना होतो या निव्वळ थापेने भाव मातीत गेला होता, आणि ते नुकसान पाळणाऱ्यांनीच सोसले.

म्हणून एकदम तीन-चार पक्षी मेले, तुरे-चेहरे सुजून निळसर पडले, माना टाकल्या, तर हात लावू नका. प्लास्टिकची पिशवी हातावर चढवून, तोंडाला फडके बांधून ते बाजूला करा, पोरांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मेलेले पक्षी ओढ्यात टाकू नका. डॉक्टर सांगतील तेव्हा खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. उरलेल्या घाईघाईने बाजारात नेऊन विकू नका. कळवायला लोक भितात, कारण कळवले की सगळ्या गावाच्या कोंबड्या जाणार. ही भीती खरी आहे. पण भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची. रोगाने आधीच मेलेल्यांची मिळत नाही. जितका उशीर, तितकी भरपाई कमी. आणि रोज संध्याकाळी हातात घेऊन एकेक पिलू पाहणारीला रोग पहिल्या दिवशी दिसतो. न पाहणाराला तो दिसतो तेव्हा खुराडे अर्धे रिकामे झालेले असते.

आमच्या तालुका प्रतिनिधींनी पंचायत समितीत तीन गोष्टी मागाव्यात असे आम्हाला वाटते. पिले वाटण्याआधी घेणाऱ्या बाईला एक दिवस प्रत्यक्ष हाताळणी शिकवावी, आणि शिकवायला कोंबड्या सांभाळलेली गावातलीच बाई मजुरी देऊन बोलवावी. महिनाभराने पिले जगली किती, याची नोंद वाटपाच्याच वहीत व्हावी. आणि मारलेल्या गावरान कोंबडीची भरपाई गावरानच्या बाजारभावाने, महिन्याच्या आत मिळावी. पैसे नाहीत असे उत्तर येईल. एक दिवसाच्या शिकवणीला किती पैसे लागतात ते तिथेच विचारावे.

त्या गुलाबी पिलाबद्दल एक राहिले. अंड्याच्या कोंबड्यांच्या हॅचरीत निम्मे नर निघतात. ते अंडी देत नाहीत, मांसही लवकर धरत नाहीत, म्हणून पहिल्याच दिवशी वेगळे काढले जातात. त्यांतलेच काही रंग लावून फेरीवाल्याच्या खोक्यात येतात. त्यांना लस टोचलेली असते का, ऊब मिळालेली असते का, हे खोके पाहूनच कळते. दहा रुपयांचे पिलू दोन दिवसांत मरते आणि जाताना मानमोडी मागे ठेवून जाऊ शकते. फेरीवाला आपल्यासारखाच पोट भरणारा आहे, त्याच्याशी भांडू नका. पण भंगार देऊन ते पिलू घेऊ नका, आणि पोराने हट्ट केलाच तर घरच्या खुराड्यात सोडू नका.

आजींना आम्ही पुढच्या तालुका बैठकीला यायला सांगितले आहे. भाषणांच्या आधी अर्धा तास त्या पिलू कसे धरावे ते दाखवतील. त्यांची अट एकच आहे: मंडपात कर्णा लावायचा नाही, पिले बुजतात. ज्यांच्याकडे खुडूक कोंबडी पिलांसह असेल त्यांनी ती डालग्यात घालून, वरून ओले फडके टाकून आणावी. घरात एखादा पक्षी आजारी असेल तर कोणतीच कोंबडी आणू नये. लेकरांना जरूर आणावे. साबण आणि पाण्याची सोय आम्ही करतो.